खिशातले पिस्तूल: अमेरिकेतल्या आपल्या माणसांनी आधी समजून घ्यायच्या गोष्टी

अमेरिकेत स्थायिक झालेल्या आपल्या नातेवाइकांशी फोनवर बोलताना गेल्या काही वर्षांत एक विषय हमखास निघतो. ‘इथे बरेच जण छोटे पिस्तूल जवळ बाळगायला लागलेत, आपणही घ्यावे का?’ विचारणारे कोणी गुंड-मवाली नसतात. कोणी आयटीत असतो, कोणी फार्मसीत, कोणी मशिदीच्या कमिटीवर असतो. २०१९ साली न्यूझीलंडच्या क्राइस्टचर्चमध्ये जुम्याच्या नमाजला जमलेल्यांवर गोळीबार होऊन ५१ जण शहीद झाले. २०२३ च्या ऑक्टोबरमध्ये इलिनॉय राज्यात एका सहा वर्षांच्या पॅलेस्टिनी वंशाच्या मुलाला घरमालकाने चाकूने भोसकून मारले. त्यानंतरच्याच महिन्यात व्हरमाँटमध्ये तीन पॅलेस्टिनी विद्यार्थ्यांवर गोळ्या झाडल्या गेल्या. एवढे झाल्यावर माणसाच्या मनात भीती बसली तर त्याला भित्रा म्हणता येणार नाही.

पिस्तूल घ्या किंवा घेऊ नका, हे इथे बसून सांगणे आम्हाला बरोबर वाटत नाही. पण या विषयावर दुकानदार आणि यूट्यूबवाले जे सांगत नाहीत, किंवा सांगतात ते शेवटी घाईघाईत, ते मात्र मराठीत नीट मांडायला हवे असे वाटले.

आधी कायदा, थोडक्यात. अंगावर, कपड्यांच्या आत, बाहेरून दिसणार नाही असे हत्यार बाळगणे याला तिकडे ‘कन्सील्ड कॅरी’ म्हणतात. जून २०२२ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने ‘ब्रुएन’ खटल्यात निकाल दिला, की घराबाहेर स्वसंरक्षणासाठी हँडगन बाळगणे हा घटनेने दिलेला हक्क आहे. ‘खास कारण दाखवा, मगच परवाना देऊ’ अशी अट सरकारला घालता येणार नाही. त्यामुळे न्यू यॉर्क, न्यू जर्सीसारख्या राज्यांत, जिथे सामान्य माणसाला परवाना मिळणे जवळपास अशक्य होते, तिथेही दार उघडले. न्यू यॉर्कने मग परवान्यासाठी १६ तासांचे वर्ग आणि २ तासांचा प्रत्यक्ष गोळीबार सक्तीचा केला. उलट टेक्सासमध्ये २०२१ पासून परवानाच लागत नाही, आणि अशी राज्ये आता निम्म्याहून जास्त आहेत. म्हणजे एका राज्यात जे चालते ते शेजारच्या राज्यात तुरुंगात पाठवू शकते. गाडी घेऊन सीमा ओलांडण्यापूर्वी हे बघायलाच हवे.

आपल्या लोकांसाठी यातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट वेगळीच आहे. एच-१बी किंवा विद्यार्थी व्हिसावर असलेल्या माणसाला केंद्रीय कायद्याने, शिकारीच्या परवान्यासारखे थोडे अपवाद सोडले तर, बंदूक किंवा काडतूस जवळ ठेवायला बंदी आहे. ग्रीन कार्डवाल्याला ती बंदी नाही. ‘मित्राकडून घेतो, कोणाला कळतंय’ असे म्हणणाऱ्या मुलाचा व्हिसा, नोकरी आणि पुढचे सगळे आयुष्य एका झटक्यात जाऊ शकते. हे वाक्य ज्यांची मुले तिकडे शिकतात त्यांनी फोन करून सांगावे.

आता पिस्तुलाकडे येऊ. दुकानात गेलेला नवखा माणूस बहुतेक वेळा सगळ्यात छोटे हत्यार उचलतो. तर्क साधा असतो: छोटे आहे, हलके आहे, म्हणजे नवशिक्याला सोपे. इथेच गफलत होते. छोटे पिस्तूल बाळगायला सोपे असते. चालवायला ते सगळ्यात अवघड. आणि यात मत-मतांतराचा प्रश्न नाही, हे नववीच्या विज्ञानाच्या पुस्तकातले आहे.

गोळी पुढे जाते तेव्हा हत्यार मागे येते. न्यूटनचा तिसरा नियम. ९ एमएमची गोळी साधारण साडेसात ग्रॅमची, वेग सेकंदाला ३३० मीटर धरा. पिस्तूल एक किलोचे असेल तर ते मागे येण्याचा वेग सेकंदाला अडीच मीटर होईल. अर्ध्या किलोचे असेल तर पाच मीटर. दारूच्या वायूचा धक्का यात धरलेलाच नाही. वजन निम्मे झाले की हाताला बसणारी ऊर्जा दुप्पट होते. एनसीसीत .२२ रायफल चालवलेल्यांना वाटते आपल्याला अनुभव आहे, पण खांद्याला टेकवलेली साडेतीन-चार किलोची रायफल आणि दोन बोटांत मावणारी मूठ यांत जमीन-अस्मानाचे अंतर आहे.

दुसरी अडचण नेमाची. पुढची आणि मागची खूण एका रेषेत आणून नेम धरतात. या दोन खुणांमध्ये १७ सेंटीमीटर अंतर असेल आणि रेषा एक मिलिमीटर चुकली, तर सात मीटरवर गोळी चार सेंटीमीटर सरकते. अंतर १० सेंटीमीटरच असेल तर तीच चूक सात सेंटीमीटरची होते. समरूप त्रिकोण. घाबरलेल्या माणसाचा हात एका मिलिमीटरवर थांबत नाही, हे वेगळे सांगायला नको.

तिसरी गोष्ट चापाची. तिकडे खिशात ठेवायचे म्हणून पिढ्यान्‌पिढ्या वापरले जाणारे हत्यार म्हणजे स्मिथ अँड वेसनचे छोटे ‘जे-फ्रेम’ रिव्हॉल्वर, १९५० पासून चालत आलेले. त्यातले हलके ६४२ मॉडेल चारशे ग्रॅमच्या आसपास भरते, पाच गोळ्या बसतात, आणि चाप ओढायला पाच किलोच्या आसपास जोर लागतो. चारशे ग्रॅमच्या वस्तूवर पाच किलोचा ओढा! वस्तू हलणारच. रिव्हॉल्वरची बाजू अशी, की त्याला समजायला काही नाही, अडकण्याचे प्रकार कमी, आणि चाप जड असल्यामुळे चुकून सुटण्याची शक्यताही कमी. पण ‘बायकांसाठी रिव्हॉल्वर बरे’ असे सांगणाऱ्या दुकानदाराला स्वतः तेच हलके रिव्हॉल्वर पन्नास वेळा चालवून दाखवायला सांगावे.

रुगरचे एलसीपी २००८ मध्ये आले. .३८० गोळीचे, वजन फक्त २७० ग्रॅमच्या आसपास, म्हणजे पाव किलो चहाच्या पुड्यापेक्षा जरासे जास्त. पँटच्या खिशात टाकले तर विसरायला होते. पण मुठीवर करंगळीला जागा नाही, खुणा नावापुरत्या, आणि दोन मॅगझिन चालवले की माणूस म्हणतो ‘बस झाले’. जे हत्यार चालवायला नको वाटते त्याचा सराव कोणी करत नाही, आणि तिथेच सगळे संपते. २०१८ मध्ये सिगचे पी३६५ आले तेव्हापासून बाजार बदलला, कारण अर्ध्या किलोच्या पिस्तुलात ९ एमएमच्या दहा गोळ्या आणि बऱ्यापैकी पकड मिळाली. आम्हाला विचाराल तर कपड्यांत लपेल असे सगळ्यात मोठे घ्या. सगळ्यात छोट्याचा हट्ट सोडा. शिवाय वर सरकणारी स्लाइड मागे ओढून बघितल्याशिवाय पैसे देऊ नयेत. छोट्या पिस्तुलाची स्प्रिंग कडक असते, संधिवाताच्या बोटांना ती ओढवत नाही. स्मिथ अँड वेसनने ‘शील्ड ईझी’ ही मालिका याच कारणासाठी काढली. बऱ्याच रेंजवर पिस्तूल भाड्याने मिळते. आधी तीन-चार प्रकार चालवून बघा, मग ठरवा. चपलेची जोडी आपण घालून बघतो, मग हे तर जिवाचे काम.

सरावाबद्दल थोडे सविस्तर लिहितो, कारण बहुतेक जण पिस्तूल घेतात, एकदा रेंजवर जाऊन फोटो काढतात आणि मग ते कपाटात पडून राहते.

सुरुवात काडतुसाशिवाय करायची. पिस्तूल रिकामे करायचे, मॅगझिन काढून नळीच्या मागची काडतूस बसायची जागा डोळ्याने आणि बोटाने तपासायची, काडतुसे दुसऱ्या खोलीत ठेवायची, आणि गोळी सुटलीच तर अडेल अशा भिंतीकडेच नेम धरायचा. मग चाप हळूहळू दाबायचा. पुढच्या खुणेवर एक नाणे ठेवा. खट्‌ आवाज झाल्यावरही ते पडले नाही तर बोट बरोबर चालले. रोज दहा मिनिटे पुरतात. .२२ च्या हत्यारावर मात्र हा सराव नकली काडतूस घालून करावा, नाहीतर आतली पिन धातूवर आपटून खराब होऊ शकते. सराव संपला की संपला. पुन्हा गोळ्या भरल्यावर ‘अजून एकदा’ म्हणणाऱ्यांनीच घराच्या भिंतींना भोके पाडली आहेत.

रेंजवर कानांना संरक्षण आणि डोळ्यांना चष्मा हवाच. छोट्या नळीचा आवाज आणि ज्वाळ जास्त असते, आणि बंद रेंजमध्ये एका गोळीनेही कानाचे कायमचे नुकसान होऊ शकते. पहिले लक्ष्य कागदी ताटली, अंतर तीन मीटर. पाचही गोळ्या ताटलीत बसल्या की पाच मीटर, मग सात. पंधरा मीटरवर जाऊन हवेत गोळ्या उडवण्यात अर्थ नाही. मनगट ढिले सोडले की छोटे पिस्तूल पुढची गोळी नीट उचलत नाही आणि अडकते, म्हणून अडकलेले सोडवण्याचाही सराव करायचा. खिशात ज्या महाग गोळ्या ठेवणार त्यातल्या काही तरी चालवून बघायच्याच; छोटी पिस्तुले गोळ्यांच्या बाबतीत नखरेल असतात. एका वेळी पन्नास गोळ्या, महिन्यातून एकदा, एवढे नियमित केले तरी वर्षातून एकदा पाचशे उडवणाऱ्यापेक्षा हात चांगला राहतो.

अमेरिकन प्रशिक्षक जेफ कूपर यांचे चार नियम प्रत्येक वर्गात शिकवतात: प्रत्येक बंदूक भरलेलीच समजा, जे नष्ट करायचे नाही त्याच्याकडे नळी वळवू नका, नेम लागेपर्यंत बोट चापाबाहेर ठेवा, लक्ष्य आणि त्याच्या मागे काय आहे ते ओळखा. आपल्याला हे नवे वाटू नये. जो कोणी आमच्या मशिदीतून किंवा बाजारातून बाण घेऊन जाईल त्याने त्यांची टोके हाताने धरावीत, म्हणजे कोणाला इजा होणार नाही, ही प्रेषित मुहम्मद (स.) यांची शिकवण सहीह बुखारी आणि सहीह मुस्लिम या दोन्हींत आलेली आहे. भावाकडे हत्यार रोखण्याची मनाई आहे, गमतीतही. उपसलेली तलवार दुसऱ्याच्या हातात देण्याचीही मनाई आहे. आजच्या भाषेत सांगायचे तर चाप पूर्ण झाकणारे कडक होल्स्टर हवे, आणि दुसऱ्याला पिस्तूल द्यायचे तर रिकामे करून, स्लाइड उघडी ठेवून द्यायचे.

होल्स्टरशिवाय खिशात पिस्तूल ठेवायचे नाही, आणि त्या खिशात किल्ल्या-नाणी काही ठेवायची नाहीत. नमाजी माणसाला आणखी एक अडचण येते जी कुठल्याही अमेरिकन पुस्तकात सापडणार नाही. सजद्यात खिसा उलटा होतो, सदरा वर चढतो, पुढे खोचलेले पोटात रुतते. पिस्तूल सफेवर घसरून पडले, मागे मुले खेळत आहेत, असे झाले तर? वजू करताना जॅकेट खुंटीला लावून जायची सवय असते. त्या जॅकेटात हत्यार असेल तर ते काही मिनिटे कोणाचेच नसते. म्हणून मशिदीत हा भार कमिटीने नेमलेल्या, शिकलेल्या दोन-तीन जणांवरच असावा आणि त्या जमाअतच्या वेळी त्यांनी दारावर थांबावे, नमाज नंतर पढावी, असे आमचे मत आहे. न्यू यॉर्कच्या कायद्याने तर प्रार्थनास्थळात हत्यार नेण्यावर बंदीच घातली, आणि २०२३ मध्ये सुरक्षेची जबाबदारी असलेल्यांना तेवढी सूट दिली.

अबाया घालणाऱ्या बहिणींचा प्रश्न वेगळा. लपते छान, पण कमरेपर्यंत हात पोचायला वेळ लागतो, म्हणून पर्सचा पर्याय पुढे येतो. २०१४ च्या डिसेंबरात आयडाहो राज्यातल्या हेडन गावी, एका मोठ्या दुकानात, दोन वर्षांच्या मुलाने ट्रॉलीत बसल्या बसल्या आईच्या पर्समधले पिस्तूल काढले आणि आई जागीच गेली. परवाना होता, पर्सही हत्यारासाठी खास कप्पा असलेली होती. लहान मुले असतील तर पर्समध्ये नकोच. घरीही उशीखाली, कपाटावर, कुराणाच्या रेहलमागे असल्या जागा चालणार नाहीत. कुलूपबंद छोटी लोखंडी पेटी लागते. घरात कोणी फार खचलेले, निराश असेल तर हत्यार तिथे नसलेलेच बरे.

आणि परवाना म्हणजे चारित्र्याचा दाखला नव्हे. २०१५ मध्ये नॉर्थ कॅरोलायनातल्या चॅपेल हिल इथे तीन मुस्लिम तरुणांना त्यांच्याच घरात मारणाऱ्या शेजाऱ्याकडे कन्सील्ड कॅरीचा परवाना होता.

हे सगळे तिकडचे झाले. इकडे १९५९ चा शस्त्र कायदा आहे. परवान्याशिवाय एक काडतूसही गुन्हा ठरतो, आणि ९ एमएम तर साध्या परवान्यावरही मिळत नाही. म्हणून लग्नाला, ईदला गावी येणाऱ्यांसाठी एक सूचना. रेंजवर नेलेली बॅग प्रवासाला घेऊ नका. घेणारच असाल तर तिचे सगळे कप्पे, अस्तरासकट, उलटे करून झटका. विमानतळावर विसरलेली एक गोळी सापडली तरी पोलीस ठाणे गाठावे लागते, आणि गुन्हा पुढे कोर्टात रद्द झाला तरी तोवर विमान गेलेले असते, लग्नही उरकलेले असते.