घर बदललं, पण मतदारयादीत पत्ता कुठला?

ब्रिटनमध्ये राहणाऱ्या मराठी घरात स्वतःचं घर घ्यायची बोलणी सुरू झाली की डिपॉझिट, व्याजदर आणि व्हिसाची मुदत यांवर रात्री जागवल्या जातात. मतदारयादीचा विषय मात्र निघत नाही. मग मॉर्गेज ब्रोकर विचारतो, 'इलेक्टोरल रोलवर आहात ना?' आणि पुष्कळ जण सांगतात, 'आमचा पासपोर्ट भारतीय आहे, आम्हाला इथे कुठलं मतदान?'

सगळ्यांत जास्त नुकसान करणारा गैरसमज हाच. भारत राष्ट्रकुलात आहे. राष्ट्रकुलातल्या देशाचा नागरिक ब्रिटनमध्ये राहत असेल आणि त्याच्याकडे तिथे राहण्याची वैध परवानगी असेल, तर तो मतदारयादीत नाव नोंदवू शकतो. अठरा वर्षं पूर्ण असली की संसदेच्या निवडणुकीतही मत देऊ शकतो. वर्क, स्टुडंट, डिपेंडंट हे सगळे व्हिसा यात आले; कायमच्या वास्तव्याचा शिक्का मिळेपर्यंत थांबायचं कारण नाही. नाव नोंदवल्याने भारतीय नागरिकत्व जाईल ही भीतीही निराधार आहे. 1955 च्या नागरिकत्व कायद्याप्रमाणे दुसऱ्या देशाचं नागरिकत्व स्वखुशीने घेतलं तर भारताचं जातं. मतदार झाल्याने कुठलंच नवं नागरिकत्व मिळत नाही. ज्या गावात आपण कर भरतो, मुलं शाळेत घालतो, तिथे मताचा हक्क असूनही माणसं वर्षानुवर्षं तो वापरत नाहीत, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

आता कर्जाशी याचा संबंध काय? एक्सपेरियन, इक्विफॅक्स आणि ट्रान्सयुनियन या तीन क्रेडिट संस्थांकडे पूर्ण मतदारयादी जाते. अर्जातलं नाव आणि पत्ता तिच्याशी जुळतो का, हे कर्ज देणारी संस्था त्यांच्यामार्फत पाहते. अर्ज करणारा माणूस खरा आहे आणि सांगतो तिथेच राहतो, एवढीच खात्री तिला यातून मिळते. त्यामुळे 'यादीत नाव नसेल तर कर्ज मिळतच नाही' हे खरं नाही. बँक स्टेटमेंट, बिलं असे दुसरे पुरावे देता येतात. पण पडताळणी लांबते, आणि पसंत पडलेलं घर हातचं जाण्याची धास्ती असताना एकेक दिवस जड जातो. उलट बाजूने, नाव नोंदवलं म्हणून थकलेले हप्ते कुणी विसरत नाही. आधीच्या भाडेकरूच्या कर्जामुळे तुमचा पत्ता 'काळ्या यादीत' जातो, हेही खोटं. तशी यादीच नाही.

घर बदलल्यावरची चूक वेगळी असते. कौन्सिल टॅक्सला नवा पत्ता कळवला, टपाल वळवून घेतलं, लायसन्स बदललं, म्हणजे सगळं झालं असं वाटतं. पण मतदार नोंदणी हे स्वतंत्र काम आहे. पत्ताबदलाचा वेगळा फॉर्म नसतो; नव्या पत्त्यावर पुन्हा नोंदणीच करायची. सरकारी संकेतस्थळावर पाचेक मिनिटं लागतात, नॅशनल इन्शुरन्स नंबर हाताशी ठेवायचा, पैसे पडत नाहीत. कौन्सिलने नोंदणी करायला लेखी बजावूनही दुर्लक्ष केलं, तर मात्र 80 पौंडांचा दंड होऊ शकतो.

आणि 'ह्यांनी भरलाय ना फॉर्म, मग माझंही झालं' हे आता चालत नाही. पूर्वी घरातल्या एकाने सगळ्यांची नावं दिली की भागायचं. इंग्लंड, वेल्स आणि स्कॉटलंडमध्ये 2014 पासून प्रत्येकाने स्वतःची नोंदणी स्वतः करायची असते. कर्ज दोघांच्या नावे असेल तर तपासणीही दोघांची होते.

नावाचं तर आपल्याकडे खास दुखणं आहे. पासपोर्टवर वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव मध्ये असतं, बँकेत ते गळलेलं असतं, लग्नानंतरचं आडनाव एका ठिकाणी बदललेलं, दुसऱ्या ठिकाणी नाही. फ्लॅटचा क्रमांकही कौन्सिल एका पद्धतीने लिहिते, बँक दुसऱ्या. अर्ज, बँक आणि मतदारयादी या तिन्ही ठिकाणी नाव आणि पत्ता अक्षरशः एकसारखा करून घ्या.

काही जण खासगीपणा जपायला नोंदणी टाळतात. त्यांनी यादीचे दोन प्रकार लक्षात घ्यावेत. खुली यादी कुणालाही विकत मिळते, पण तिच्यातून नाव काढून घेता येतं. त्याने मताचा हक्क जात नाही आणि कर्जाच्या तपासणीतही अडचण येत नाही, कारण ती तपासणी पूर्ण यादीवरून होते.

हे सगळं मॉर्गेजच्या अर्जाच्या आदल्या दिवशी उरकत नाही. नव्या नोंदी साधारण महिन्यातून एकदा यादीत चढतात. शरद ऋतूतल्या वार्षिक पडताळणीच्या काळात तर जास्त थांबावं लागतं. सुधारित यादी सहसा 1 डिसेंबरला निघते. पुढे ती क्रेडिट संस्थांपर्यंत पोचायलाही वेळ लागतो. म्हणून भाड्याच्या घरात सामान लावतानाच नोंदणी करा, दोन-तीन महिन्यांनी तिन्ही संस्थांकडून आपला क्रेडिट रिपोर्ट मागवा (तो फुकट मिळतो), आणि त्यात नवा पत्ता दिसला की मगच अर्ज भरायला घ्या. स्वतःच्या घराची किल्ली मिळाली की तोच फॉर्म पुन्हा एकदा भरायचा आहे.