ट्रोलिंग मोटरचं वायरिंग: 12 व्होल्ट आणि 50 अँपिअरचा हिशोब

खाडीत किंवा धरणाच्या पाण्यात गळ टाकायला छोटी फायबरची होडी वापरणारे बरेच जण आता ऑनलाइन ट्रोलिंग मोटर मागवतात. आवाज नाही, धूर नाही, मासा बुजत नाही. मोटर होडीला लावणं सोपं आहे, दोन स्क्रू आवळले की झालं. पुढची वायर मात्र घरात उरलेल्या तुकड्यांतून जोडली जाते, कारण डोक्यात असतं, "12 व्होल्टच तर आहे, शॉक थोडाच बसणार?"

शॉक बसत नाही हे खरं. प्रश्न आगीचा आहे, आणि होडीवर आग लागली तर पळायला जागा नसते.

हिशोब करून बघू. 55 पौंड थ्रस्टची 12 व्होल्टची मोटर पूर्ण वेगावर साधारण 50 अँपिअर खेचते, म्हणजे 600 वॅट. घरातला 600 वॅटचा मिक्सर 230 व्होल्टवर तीन अँपिअरसुद्धा घेत नाही. काम तेवढंच, पण व्होल्ट कमी झाले की अँपिअर वाढतात, आणि वायर तापते ती अँपिअरमुळे. तेही वर्गाच्या पटीत: करंट दुप्पट तर उष्णता चौपट.

आता समजा बॅटरी मागे ठेवली आणि मोटर नाळेवर बसवली. अंतर 3 मीटर, म्हणजे जाऊन-येऊन 6 मीटर तांबं. घरच्या पॉवर पॉइंटची 2.5 चौ. मिमी वायर वापरली, तर 50 अँपिअरला तिच्यातच सुमारे 2 व्होल्ट पडतात आणि 100 वॅटच्या वर उष्णता तयार होते. जुन्या 100 वॅटच्या बल्बला हात लावून पाहिला असेल तर अंदाज येईल. तीच लांबी 16 चौ. मिमी वायरने केली तर फक्त 0.33 व्होल्ट पडतात, तीन टक्क्यांच्या आत. 10 चौ. मिमीला अर्ध्या व्होल्टच्या थोडं वर जातं. चालेल, पण मी 16 च घेतो. वायर बारीक तारांची लवचिक हवी, कारण होडी सतत हादरते आणि जाड एकसंध तार शेवटी तुटते. खाऱ्या पाण्यात जाणार असाल तर कथिलाचा मुलामा दिलेली तांब्याची मरीन वायर घ्या. साधं तांबं खारट दमट हवेत आतल्या आत काळं-हिरवं पडत जातं, वरून प्लास्टिक अगदी नवं दिसतं.

ब्रेकरबद्दल एक मोठा गैरसमज आहे. तो मोटर वाचवायला असतो असं लोकांना वाटतं. थोडाफार वाचवतोही, जाळं किंवा शेवाळ पंख्यात गुरफटून मोटर अडली की करंट चढतो तेव्हा. पण त्याचं मुख्य काम वायर वाचवणं हे आहे. 100 अँपिअर-अवरची बॅटरी शॉर्ट झाली तर शेकड्यांनी अँपिअर सहज ओतते. म्हणून ब्रेकर बॅटरीच्या पॉझिटिव्ह टोकाजवळ हवा, मोटरजवळ नाही. बॅटरी आणि ब्रेकर यांच्यामधल्या तुकड्याला कुणीच राखणदार नसतो. अमेरिकेतल्या एबीवायसी या बोट-मानकात हे अंतर सर्वसाधारणपणे 7 इंच, म्हणजे सुमारे 18 सेंटिमीटर सांगितलंय. वरच्या मोटरला 60 अँपिअरचा ब्रेकर लागतो, डीसीसाठी बनवलेला आणि पाण्यापासून बंदिस्त.

"घरचा एमसीबी लावला तर?" हा प्रश्न हमखास येतो. घरचा एसी करंट सेकंदाला 100 वेळा शून्यावर येतो, त्यामुळे ठिणगी विझायला मदत होते. डीसीत ती संधी नाही. 12 व्होल्टला हा धोका कमी, पण घरचा एमसीबी खाऱ्या हवेत गंजतो आणि नेमका गरजेला अडकून बसतो. होडीवर पेट्रोलचं इंजिनही असेल, तर टाकीजवळ ठिणगी उडणारं काहीही नको. तिथे ठिणगी बाहेर न पडू देणारा, त्या कामासाठी प्रमाणित ब्रेकरच घ्या.

जोड हा सगळ्यात दुर्लक्षित भाग. वायर पिळून त्यावर चिकटपट्टी गुंडाळणं इथे अजिबात नको. तांब्याचा लग घ्या, योग्य मापाच्या क्रिंपिंग टूलने दाबा आणि वर आतून गोंद असलेली हीट-श्रिंक नळी चढवा. पक्कडीने दाबलेला लग हाताला घट्ट वाटतो, पण 50 अँपिअरला तोच पहिला तापतो. बॅटरीच्या टोकाला पंखवाला नट असेल तर तो काढून साधा नट आणि स्प्रिंग वॉशर लावून पान्याने आवळा. हातानं आवळलेला नट लाटांनी सैल होतो.

बॅटरी झाकणाच्या डब्यात, पट्ट्याने बांधलेली हवी, पण डबा हवाबंद नको. लेड-ॲसिड बॅटरी चार्ज होताना हायड्रोजन सोडते. गाडीची स्टार्टर बॅटरी या कामाची नाही, डीप सायकलच लागते. तिलाही निम्म्याच्या खाली उतरवू नये, म्हणजे 100 अँपिअर-अवरची बॅटरी पूर्ण वेगावर जेमतेम तासभर. ओहोटीच्या ओढीत परत यायचं असेल तर हा तास मोजूनच निघा, आणि वल्ही होडीत असू द्या. लिथियम घेतलीत तर तिच्या बीएमएसच्या भरवशावर ब्रेकर गाळू नका.

जोडताना ब्रेकर बंद ठेवा आणि लाल-काळं दोनदा तपासा. उलटं जोडलं तर काही मोटरी उलट्या फिरतात, काहींचं इलेक्ट्रॉनिक्स जळतं. पंख्यातलं शेवाळ काढतानाही आधी ब्रेकर बंद करा, मगच हात घाला.

सगळं झालं की किनाऱ्याजवळ होडी बांधून, पंखा पाण्यात ठेवून मोटर पूर्ण वेगावर चालवा. मल्टिमीटरने आधी बॅटरीच्या टोकांवर व्होल्ट मोजा, मग मोटरच्या जोडावर. फरक अर्ध्या व्होल्टच्या वर गेला तर कुठला तरी जोड कच्चा आहे. दहा मिनिटांनी मोटर थांबवा, ब्रेकर पाडा आणि प्रत्येक लगला बोट लावून बघा. कोमट चालेल. बोट टेकवत नसेल तर तो लग कापून नवा बसवा. खाऱ्या पाण्यात फिरणाऱ्या होडीवर मी ही तपासणी दर महिन्याला करतो, आणि पावसाळ्यानंतर पहिल्यांदा पाण्यात उतरण्याआधी तर हमखास.