सुकटीचा वास आणि पाऱ्याचा हिशेब

नायगावच्या बी.डी.डी. चाळीत मी वाढले. घरी सुकट भाजली की वास माझ्या कपड्यांना यायचा आणि शाळेतल्या मुली नाक धरायच्या. घरातली पहिली पदवीधर होऊन आज कॉलेजात शिकवते. ते नाक धरणे विसरलेले नाही. पहिल्या बाळंतपणात आजीने मोरीचे कालवण पुढे केले, "खा गं, दूध उतरंल." त्या मोरीविषयी पुढे जे वाचले, ते सांगणे भाग आहे.

कारखान्यांच्या सांडपाण्यातून, कोळशाच्या धुरातून पारा पाण्यात उतरतो. गाळातले जिवाणू त्याचे मिथाइल पाऱ्यात रूपांतर करतात. सूक्ष्म जीवांना लहान मासे खातात, लहानांना मोठे. दर पायरीला विष साठत जाते. म्हणून जवळा, मांदेली, तारली यांत ते सहसा कमी, तर मोठी मोरी, मोठी सुरमई यांत जास्त. ते मांसातच मुरलेले असते. धुऊन वा शिजवून जात नाही.

हिशेब साधा आहे. जागतिक तज्ज्ञ समितीने २००३ साली आठवड्याची मर्यादा वजनाच्या दर किलोमागे १.६ मायक्रोग्रॅम ठरवली. म्हणजे ५० किलोच्या बाईला ८० मायक्रोग्रॅम. माशात किलोमागे १ मिलिग्रॅम मिथाइल पारा असेल, तर ८० ग्रॅममध्येच मर्यादा संपते. ०.०५ मिलिग्रॅम असेल, तर दीड किलो खाल्ले तरी ती ओलांडत नाही.

सर्वांत मोठा धोका गर्भाच्या मेंदूला. शरीरातला पारा निम्मा व्हायलाच सुमारे दोन महिने लागतात. म्हणून दिवस राहण्याआधीपासून ते अंगावर पाजेपर्यंत मोठी मोरी टाळावी, लहान मासे जरूर खावेत. ज्या जवळ्याला हिणवले गेले, तोच इथे बरा ठरतो.

पण मासा कुठल्या पाण्यातला, हे आपल्या हातात नाही. ठाणे खाडीतील पाऱ्यावर राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या शास्त्रज्ञांचा निबंध १९८१ सालीच प्रसिद्ध झाला होता. जपानात मिनामाटाचा आजार १९५६ साली नोंदला गेला. कारखान्याचे सांडपाणी हेच कारण, हे सरकारने मान्य केले १९६८ साली. मधली बारा वर्षे कोळ्यांच्या ताटात विष पडतच राहिले.

तेव्हा गरिबाला 'मासे सोडा' म्हणणे हा उपाय नव्हे. तेवढे स्वस्त आणि सकस दुसरे काय आहे त्याच्या ताटात? बाजारातला मासा नियमित तपासला जावा आणि निष्कर्ष मराठीत, मासळी बाजारातच लावले जावेत, ही मागणी आपण केली पाहिजे.