आवाज आणि अक्षर : मराठवाड्यातले दोन अर्धवेळ पेशे

रेडिओवरचा नट आणि वृत्तपत्राचा वार्ताहर. मराठवाड्यातल्या जिल्ह्याच्या गावी हे पेशे पोटापुरते फार थोड्यांना पुरले. तरीही कुंडलिकेच्या काठच्या नव्या जालन्यासारख्या व्यापारी पेठांतली माणसे त्या वाटेने जात राहिली. या ओढीचे मूळ निजामाच्या राजवटीत सापडते.

निजामाच्या हैदराबाद संस्थानात कारभार आणि वरचे शिक्षण उर्दूतून चाले. मराठीत छापणे हेच धाडस होते. आ. कृ. वाघमारे यांनी १९३८ साली 'मराठवाडा' साप्ताहिक काढले. सरकारने बंदी घातली, तेव्हा त्यांनी वेगवेगळ्या नावांनी अंक काढले. रेडिओ तर सरकारचाच. हैदराबाद आणि औरंगाबाद ही दोन्ही केंद्रे निजामाची. ऑगस्ट १९४८ मध्ये 'इमरोज' दैनिकाचे तरुण संपादक शोएबुल्ला खान यांना निजामाच्या पाठीराख्या रझाकारांनी हैदराबादेत ठार केले, कारण संस्थानाने भारतात यावे असे ते उर्दूतून उघड लिहीत होते. महिनाभरात भारतीय फौज जालन्यात शिरली, आणि १७ सप्टेंबरला खुद्द निजामाने रेडिओवरून शस्त्रसंधी जाहीर केली. ज्या पिढीने हे पाहिले आणि ऐकले, तिच्या लेखी छापील मराठी अक्षर आणि रेडिओवरचा मराठी आवाज ही मिळवलेली गोष्ट होती.

१ एप्रिल १९५० रोजी निजामाची केंद्रे आकाशवाणीकडे आली. पुढे १९६८ मध्ये परभणी केंद्र उभे राहिले. नाटकाच्या आवाजासाठी ऑडिशन द्यावी लागते. उत्तीर्ण झाल्यावर बी, बी-हाय, ए, टॉप अशी श्रेणी मिळते आणि मानधन श्रेणीप्रमाणे ठरते. बोलावणे येते ते एकेका कार्यक्रमाच्या करारावर. मुंबई केंद्राच्या 'पुन्हा प्रपंच' या श्रुतिकेतले (रेडिओनाट्यातले) बाळ कुडतरकर आणि नीलम प्रभू महाराष्ट्राच्या घराघरांत पोचले, पण ते आकाशवाणीच्या नोकरीत होते. जिल्ह्याच्या नटाला ती सोय नव्हती. तो शाळेत शिकवी, बँकेत बसे, आणि रजा काढून ध्वनिमुद्रणाला जाई.

ही कला मात्र हौसेपुरती नव्हे. हातातल्या कागदाची सळसळ होऊ न देता वाचायचे, कानात सांगितल्यासारखे वाक्य मायक्रोफोनच्या जवळ येऊन म्हणायचे, दारातून हाक मारायची तर मागे सरायचे. चेहरा, वेश, प्रकाश काहीच मदतीला नाही. मला तर हा अभिनयाचा सर्वांत कठीण प्रकार वाटतो, आणि नाट्यस्पर्धांच्या झगमगाटात त्याची आपण फार उपेक्षा केली.

वार्ताहराचे गणितही तसेच. फॅक्स येण्यापूर्वी जालन्याहून बातम्यांचे पाकीट औरंगाबादच्या एसटीत वाहकाच्या हाती द्यायचे आणि साठेक किलोमीटरवर कोणीतरी ते उतरवून घ्यायचे. अनंत भालेराव यांच्या संपादनाखाली 'मराठवाडा' दैनिक झाले होते आणि त्याच्याशी नाव जोडले जाणे हाच मोठा मोबदला होता. १ मे १९८१ रोजी जालना जिल्हा झाला, १९८२ मध्ये 'लोकमत'ची औरंगाबाद आवृत्ती निघाली आणि जिल्हा वार्ताहराला मागणी आली. पण गावोगावच्या बातमीदाराचे मानधन तुटपुंजेच राहिले आणि जाहिराती आणण्याचे ओझे वाढले. बातमी ज्याच्याविरुद्ध लिहायची त्याच्याकडेच जाहिरात मागायची, हा या व्यवसायातला सर्वांत मोठा अन्याय आहे.

दोन्ही वाटा जिथे मिळतात ती जागा म्हणजे आकाशवाणीचा अंशकालीन जिल्हा वार्ताहर. वृत्तपत्रात रकानाभर लिहिणाऱ्याला तीच घटना इथे दोन-तीन वाक्यांत, कानाला कळेल अशी सांगावी लागते. ज्याने श्रुतिका केली आहे त्याला हे लवकर साधते.

आज श्राव्य पुस्तकांना आणि पॉडकास्टला मराठी आवाज हवे आहेत. ते शोधताना मराठवाडा वगळू नये. आणि नव्या-जुन्या जालन्यातल्या वाचकांना एक विनंती : घरात माळ्यावर जुन्या साप्ताहिकांचे अंक, श्रुतिकांच्या संहिता, आकाशवाणीची करारपत्रे असतील तर रद्दीत घालू नका, जवळच्या सार्वजनिक ग्रंथालयाकडे द्या.