विश्वकिरणांतील हलकी अणुकेंद्रे : मापनाचा एक प्रश्न

विश्वकिरण हे नाव रूढ झाले असले तरी ते किरण नव्हेत. आकाशगंगेतून येणारे ते अतिवेगवान कण होत. त्यांतील ‘हलकी अणुकेंद्रे’ ही संज्ञाही तशीच फसवी आहे. हायड्रोजन व हेलियम ही खरोखर हलकी अणुकेंद्रे तीत मोडत नाहीत. ती केवळ लिथियम, बेरिलियम व बोरॉन यांना लावतात. ही मूलद्रव्ये ताऱ्यांच्या अंतर्भागात टिकत नाहीत. सूर्यमालेत दर दहा लाख कार्बन-अणूंमागे बोरॉनचे अवघे दोनचार अणू आढळतात. विश्वकिरणांत मात्र बोरॉन कार्बनच्या सुमारे चतुर्थांश भरतो. कार्बन, ऑक्सिजन इत्यादींची अणुकेंद्रे वाटेत आंतरतारकीय वायूवर आदळून फुटतात, त्यांचे हे तुकडे होत. त्यांच्या प्रमाणावरून असे निष्पन्न होते की, हे कण दर चौरस सेंटिमीटरला सुमारे ५ ते १० ग्रॅम द्रव्य ओलांडून आलेले असतात.

मापनातील अडचण येथेच उद्भवते. १९४८ साली विश्वकिरणांतील जड अणुकेंद्रांचा शोध लागला तो फुग्यांतून उंच पाठविलेल्या उपकरणांमुळे. परंतु ३० किलोमीटर उंचीवरही फुग्याच्या माथ्यावर दर चौरस सेंटिमीटरला सुमारे १२ ग्रॅम हवा शिल्लक असते. म्हणजे आकाशगंगेतील अवघ्या प्रवासात जेवढे द्रव्य भेटते, त्याहून अधिक या अखेरच्या टप्प्यात भेटते. आणि हवेतही तीच फाटाफूट होते. शिवाय इमल्शनच्या काचपट्टीवर उमटलेल्या मागावरून विद्युत्भार ओळखावयाचा, तर मागाची घनता भाराच्या वर्गाच्या प्रमाणात असल्याने कार्बन व बोरॉन यांचे प्रमाण ३६ : २५ एवढेच पडते. अल्प भाराच्या मागांची गणती चुकण्यास इतके पुरे. रॉचेस्टर येथील ब्रॅट व पीटर्स यांच्या मते हवेबाहेर हलकी अणुकेंद्रे जवळजवळ नव्हतीच. ब्रिस्टलच्या संशोधकांना ती विपुल आढळली. पुढील मापनांनी ब्रिस्टलचाच पक्ष खरा ठरविला. यामुळे पीटर्स यांच्या कार्याला उणेपणा येत नाही. पुढे मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत त्यांनी या विषयाचा पाया घातला.

उपग्रहांमुळे हवेचा अडसर गेला, उपकरणाचा राहिला. आंतरराष्ट्रीय अवकाशस्थानकावर २०११ साली बसविलेल्या ए.एम.एस. उपकरणाने २०१६ साली २३ लाख बोरॉन व ८३ लाख कार्बन अणुकेंद्रांची गणना प्रसिद्ध केली. तीतही उपकरणातच फुटून बोरॉन झालेला कार्बन वजा करावा लागला.

या गणनेतून द्रव्य कळते, काळ कळत नाही. त्यासाठी सुमारे १४ लाख वर्षे अर्धायुकाल असलेला बेरिलियम-१० हा समस्थानिक उपयोगी पडतो. तो किती उरला यावरून प्रवासकाळ सुमारे दीड कोटी वर्षे ठरतो, आणि वाटेतील वायूची सरासरी घनता आकाशगंगेच्या चकतीतील घनतेपेक्षा बरीच कमी निघते. यास्तव हे कण बराच काळ चकतीबाहेरील विरळ प्रदेशात हिंडत असले पाहिजेत, असे मानतात.