अंगणवाडीच्या हातातील दप्तर

वाशीमच्या पठारावरील एखाद्या अंगणवाडीचे लोखंडी कपाट दहा वर्षांपूर्वी उघडले असते, तर खेळण्यांच्या आधी तेथे अकरा नोंदवह्या दृष्टीस पडल्या असत्या. कुटुंबांची माहिती, पूरक आहाराचा साठा, आहाराचे वाटप, पूर्वशालेय शिक्षण, गरोदरपण आणि प्रसूती, लसीकरण, जीवनसत्त्व ‘अ’च्या फेऱ्या, गृहभेटींचे नियोजन, संदर्भसेवा, मासिक व वार्षिक गोषवारा आणि बालकांचे वजन असा तो सारा पसारा होता. चारशे ते आठशे वस्तीच्या गावाचे बालपण, म्हणजे गर्भावस्थेपासून सहाव्या वर्षापर्यंतचे आयुष्य, या अकरा बाडांत उतरवून ठेवण्याची जबाबदारी एका मानधनी सेविकेवर होती. त्यांपैकी बहुतेक वह्यांची जागा आज तिच्या तळहातावर मावणाऱ्या एका फोनने घेतली आहे, किंवा निदान ती घेतली आहे असे कागदोपत्री मानले जाते. या फोनचा, आणि नवलाई ओसरल्यानंतर त्याच्यासोबत चाललेल्या संसाराचा, परिचय करून देणे हा या लेखाचा हेतू आहे.

दप्तराची परंपरा या मुलखाला नवी नाही. १ जुलै १९९८ रोजी अकोल्यातून वेगळा होऊन वाशीम जिल्हा अस्तित्वात आला. त्याहीपूर्वी, १९०५ पर्यंत, वऱ्हाडात ‘बाशिम’ नावाचा स्वतंत्र जिल्हा नांदत होता आणि त्याचा सारा मुलकी कारभार पटवाऱ्याच्या दप्तरावर उभा होता. शेताचा सारा, पिकाची आणेवारी, खातेदाराची वारसनोंद यांची तजवीज त्या दप्तराने चोख ठेवली. परंतु त्या शेताच्या बांधावर टोपलीत निजलेल्या पोराचे वजन किती, याची नोंद ठेवणे सरकारचे काम आहे, ही कल्पना रुजण्यास १९७५ साल उजाडावे लागले. त्या वर्षीच्या २ ऑक्टोबरला एकात्मिक बालविकास सेवा योजना देशातील ३३ प्रकल्पांत सुरू झाली आणि महाराष्ट्रात तिचा आरंभ ज्या ठिकाणी झाला त्यांत वाशीमच्याच महसुली विभागातील, मेळघाटातील धारणी हे एक होते. आहार, लसीकरण, आरोग्यतपासणी, संदर्भसेवा, पूर्वशालेय शिक्षण आणि पोषण व आरोग्याचे शिक्षण या सहा सेवांचा भार तेव्हापासून अंगणवाडीने वाहिला आहे.

खिशात मावणारे स्मरणयंत्र ही कल्पनाही अंगणवाडीच्या फोनपेक्षा बरीच जुनी आहे. १९८४ मध्ये इंग्लंडच्या सायन कंपनीने ‘ऑर्गनायझर’ बाजारात आणला. १९९३ मध्ये अ‍ॅपलचा ‘न्यूटन’ मोठ्या गाजावाजाने आला आणि पाच वर्षांत बंद पडला. १९९६ मध्ये आलेला ‘पाम पायलट’ मात्र लोकांनी खरोखर वापरला. पामचे जनक जेफ हॉकिन्स यांनी यंत्र घडविण्यापूर्वी त्याच आकाराचा लाकडी ठोकळा खिशात बाळगला आणि भेटीची वेळ ठरवायची झाली की तो काढून त्यावर लिहिण्याचा अभिनय केला. यंत्रात काय घालावे यापेक्षा ते बाळगणारा माणूस दिवसातून कोणत्या क्षणी ते बाहेर काढील, याचा विचार त्यांनी आधी केला. भारतातही बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतील प्राध्यापकांनी अल्पशिक्षित माणसाला वापरता यावा असा ‘सिंप्युटर’ निर्माण केला. त्यामागील दृष्टी थोर होती, पण तो घराघरांत पोहोचू शकला नाही. जे यंत्र धन्याच्या दिनक्रमात बसते ते टिकते आणि जे त्याच्या दिनक्रमावर बसते ते अडगळीत जाते, हा या सगळ्या इतिहासाचा बोध आहे.

अंगणवाडीच्या बाबतीत हा बोध कितपत घेतला गेला? ८ मार्च २०१८ रोजी राजस्थानातील झुनझुनू येथे पोषण अभियानाचा शुभारंभ झाला आणि त्याचाच भाग म्हणून सेविकांच्या हाती फोन व त्यात ‘कॅस’ या संक्षिप्त नावाने ओळखली जाणारी प्रणाली आली. याच वर्षी विकासात मागे राहिलेल्या जिल्ह्यांसाठीच्या ‘आकांक्षित जिल्हे’ कार्यक्रमाच्या देशव्यापी यादीत महाराष्ट्रातून नंदुरबार, गडचिरोली आणि उस्मानाबाद यांच्यासोबत वाशीमचे नाव आले होते. आरोग्य आणि पोषण हे त्या कार्यक्रमाचे एक प्रमुख अंग असल्याने येथील अंगणवाडीच्या प्रत्येक आकड्याकडे दिल्लीपर्यंतचे लक्ष लागले. त्या पहिल्या प्रणालीतील एक गुण मुक्तकंठाने सांगितला पाहिजे. कोणत्या गरोदर मातेकडे आज जायचे, कोणत्या बाळाला सहा महिने पूर्ण होऊन वरचे अन्न सुरू करण्याची वेळ आली, कोणाची लस राहिली, हे ती आपण होऊन सेविकेपुढे मांडीत असे. आठव्या नोंदवहीत जे नियोजन सेविकेने स्वतः आखायचे, ते येथे यंत्र तिच्यासाठी आखीत होते आणि रेंज नसली तरी नोंद फोनमध्ये साठून राहत होती.

परंतु २०२० मध्ये ती प्रणाली थांबली आणि १ मार्च २०२१ पासून ‘पोषण ट्रॅकर’ हे नवे अ‍ॅप तिच्या जागी आले. दोन-तीन वर्षांत बोटांना जी सवय लागली होती ती मोडून सेविकांना पुन्हा श्रीगणेशा करावा लागला. आणि हे अ‍ॅप आरंभी मराठीत नव्हते. एव्हाना फोनही थकले होते. दोन जीबीच्या स्मृतीत नवे अ‍ॅप मावेना, फोन तापू लागला, मध्येच अडकू लागला, दुरुस्तीचा खर्च तुटपुंज्या मानधनातून करण्याची पाळी आली आणि फोन बंद म्हणून नोंद नाही, ही सबब वरिष्ठांपुढे चालेना. ऑगस्ट २०२१ मध्ये राज्यभरातील सेविकांनी प्रकल्प कार्यालयांत जाऊन सरकारचे फोन सरकारला परत केले. त्यांची तक्रार यंत्राच्या तत्त्वाविरुद्ध नव्हती. चालणारे यंत्र आणि समजणारी भाषा, एवढेच त्यांचे मागणे होते. पुढे अ‍ॅपमध्ये मराठी आली आणि २०२३ मधील संपानंतर नवे फोन देण्याचे शासनाने मान्य केले.

आता या यंत्राचे काम जवळून पाहू. महिन्यातील वजनाचा दिवस असतो. दोन वर्षांखालील बाळाला मदतनीस लांबी मोजण्याच्या फळीवर आडवे निजवते, त्याचे डोके एका टोकाला टेकवून धरते, सेविका हलक्या हाताने त्याचे गुडघे सरळ करून सरकती पट्टी तळपायाला भिडवते; बाळ त्या क्षणी आकांत मांडते आणि अर्धा सेंटिमीटर इकडचा तिकडे होतो. दोन वर्षांवरचे मूल उभे करून मोजतात. काट्यावरचा आकडा आणि पट्टीवरचा आकडा फोनमध्ये भरला की वयानुसार वजन, वयानुसार उंची आणि उंचीनुसार वजन या तिन्ही कसोट्यांवर जागतिक आरोग्य संघटनेच्या मानकांशी ताडून मूल कोठे बसते, आणि उंचीनुसार वजनावरून ते साधारण, मध्यम कुपोषित की तीव्र कुपोषित, म्हणजे सेविकांच्या रोजच्या बोलीत ‘मॅम’ की ‘सॅम’, हे तत्काळ समोर येते. पूर्वी हाच निर्णय वृद्धिपत्रकावर टिंब देऊन, तक्त्यात बोट फिरवून करावा लागे आणि त्यात चूक होण्यास भरपूर वाव होता. “ताई, भरलं काय वजन?” असे आई विचारते, तेव्हा सेविका फोन तिच्याकडे वळवून गेल्या महिन्याचा आणि या महिन्याचा आकडा व वाढीची रेषा तिला दाखवू शकते. माझ्या मते या साऱ्या खटाटोपाचे सार या एका क्षणात आहे. अक्षरशत्रू आईलाही खाली झुकलेली रेषा कळते आणि त्याच दिवशी दूध, अंडे, आजार, दवाखाना यांबद्दलचे बोलणे सुरू होते.

दुसरी उपयुक्तता वाशीमच्या परिस्थितीतूनच उद्भवते. मानोरा तालुक्यातील पोहरादेवी हे बंजारा समाजाचे श्रद्धास्थान आणि त्या परिसरात तांडे पुष्कळ. कोरडवाहू शेतीचे सोयाबीन आणि तूर हाती आल्यावर अनेक कुटुंबे कामाच्या शोधात परजिल्ह्यांत जातात. वहीच्या काळात अशा बालकापुढे ‘स्थलांतरित’ एवढा शेरा पडे आणि चार-सहा महिने ते शासनाच्या दृष्टीआड होई. आता त्याची नोंद दुसऱ्या गावच्या अंगणवाडीकडे वर्ग करता येते, त्यामुळे त्याचा आहार आणि लस तेथेही चालू राहण्याची वाट मोकळी झाली आहे. अर्थात ज्या ठिकाणी मजुरांच्या पालापर्यंत अंगणवाडीच पोहोचत नाही, तेथे ही सोय यंत्रातच राहते.

याच्या उलट बाजूही तितक्याच स्पष्टपणे सांगणे प्राप्त आहे. अंगणवाडी उघडल्याची नोंद, मुलांची हजेरी, गरम ताज्या आहाराची नोंद, गृहभेट, वजन, टीएचआरचे, म्हणजे घरपोच आहाराचे, वाटप, आणि १ जुलै २०२५ पासून तो आहार देण्यापूर्वी लाभार्थ्याच्या चेहऱ्याची पडताळणी, अशी या अ‍ॅपची मागणी वाढत गेली आहे. त्यासाठी लागणारा ओटीपी ज्यावर येतो तो आधारशी जोडलेला मोबाइल बहुधा नवऱ्याजवळ असतो, नवरा कामावर असतो आणि आलेला ओटीपी त्याच्याकडून येईपर्यंत आहाराचे पाकीट घ्यायला आलेली बाई ताटकळते. शिवाय अ‍ॅपवर भरोसा नको म्हणून तपासणीच्या वेळी वहीही मागितली जाते आणि एकच नोंद दोनदा करण्यात सेविकेची दुपार जाते. ज्या मुलांना त्या दुपारी गाणी आणि गोष्टी मिळाव्यात, त्यांच्या वाट्याचा वेळ या दुहेरी दप्तरात खर्ची पडतो.

येथे एका जुन्या गोष्टीचे स्मरण उचित ठरेल. २००५ मध्ये महाराष्ट्राने औरंगाबाद विभागातून राजमाता जिजाऊ माता-बाल आरोग्य व पोषण मिशन सुरू केले, तेव्हा अंगणवाडीच्या हाती फोन नव्हता. होती ती वही, वजनकाटा आणि घरोघर जाण्याची शिकस्त. राज्यातील दोन वर्षांखालील बालकांमधील खुजेपणाचे प्रमाण त्या सुमारास ३९ टक्के होते, ते २०१२ च्या पाहणीत २३ टक्क्यांच्या आसपास आल्याचे दिसले. या घटीला अनेक कारणे असतील. परंतु वही असो वा फोन, नोंद झाल्यावर माणूस त्या घरी गेला तरच मुलाचे वजन वाढते, एवढे त्यावरून निश्चित समजावे.

या यंत्राविषयीचा माझा निर्णय असा आहे. सेविकेला आठवण करून देणारे, तिची आकडेमोड वाचविणारे आणि आईला रेषा दाखविणारे साधन म्हणून ते अत्यंत मोलाचे आहे व ते काढून घेणे हा अन्याय होईल. वरिष्ठांना हजेरी पुरविणारे साधन म्हणून त्याचा विस्तार होत राहिला, तर ते पटवाऱ्याच्या दप्तराइतकेच गावापासून दूर जाईल. तेव्हा फोन नादुरुस्त झाल्यास तो बदलून देण्याची मुदत ठरावी, दुरुस्ती आणि डेटाचा खर्च शासनाने पूर्ण सोसावा, अ‍ॅपमध्ये आलेली नोंद वहीत पुन्हा मागू नये, ओटीपी न आल्यामुळे कोणत्याही मातेचा आहार अडवू नये, आणि गावातील कुपोषित बालकांची संख्या, त्यांची नावे गुप्त ठेवून, दर तिमाहीस ग्रामसभेपुढे मराठीत वाचून दाखवावी. यांपैकी शेवटच्या गोष्टीसाठी नव्या निधीची गरज नाही. पुढच्या ग्रामसभेत ती मागण्याचा अधिकार प्रत्येक गावकऱ्याला आहे आणि वाचकांनी तो बजावावा.