'पीएम किसान'ची फाईल ओळखीच्या नंबरवरून आली तरी उघडू नका

नागपूर : पीएम किसानच्या हप्त्याचे दिवस जवळ आले की काटोल-नरखेडपासून कुही-भिवापूरपर्यंत, पानठेल्यावर आणि गावच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एकच विचारणा असते, "पैसे आले का भाऊ?" याच विचारणेचा फायदा घेऊन चोरटे 'पीएम किसान' नावाची फाईल पाठवतात. सोबत मजकूर असतो, नवीन यादी आली, नाव पाहून घ्या. नाहीतर केवायसी बाकी आहे, हप्ता थांबेल. महाराष्ट्रासह अनेक राज्यांच्या पोलिसांनी या फाईलबद्दल सावध केले आहे, तरी लोक फसतातच. कारण फाईल अनोळखी माणसाकडून येत नाही. ती चुलतभावाच्या, शेजाऱ्याच्या, कधी ग्रुप ॲडमिनच्या नंबरवरून येते.

त्या भावाने ती पाठवलेलीच नसते. त्याचा फोन आधी चोरट्याच्या ताब्यात गेलेला असतो आणि त्याच्या नावाने सगळ्या ग्रुपवर फाईल आपोआप जाते. म्हणून कोणी पाठवली हे पाहून उपयोग नाही, काय पाठवले ते पाहा. फाईलच्या नावाच्या शेवटी इंग्रजीत 'एपीके' असेल तर ती यादी नाही, फोटो नाही, पीडीएफही नाही. ते एक ॲप आहे, प्ले स्टोअरच्या बाहेरून तुमच्या फोनमध्ये घुसणारे. लग्नपत्रिका, आरटीओचे चलान, बँकेची केवायसी अशा नावांनीही हेच ॲप फिरते.

फाईल दाबली की फोन स्वतःच एकदा अडवतो, अनोळखी ठिकाणचे ॲप घ्यायचे का म्हणून विचारतो. घाईत 'हो' केले की ॲप मेसेज वाचायची परवानगी मागते. खरी गोम इथे आहे. बँकेचा ओटीपी मेसेजमध्येच येतो. परवानगी दिली की तो ओटीपी तुमच्या आधी चोरट्याला दिसतो. "मी तर कोणालाच ओटीपी सांगितला नाही, मग पैसे गेले कसे?" असे फसलेला माणूस विचारतो, त्याचे उत्तर हेच आहे. काही ॲप सरकारी दिसणारा फॉर्म दाखवून आधार, एटीएम कार्डचा नंबर, यूपीआय पिनही भरून घेतात. नंतर ॲपचे चिन्हही स्क्रीनवरून गायब होते.

हप्ता 2000 रुपयांचा, वर्षाचे 6000. पण ज्या खात्यात तो येतो, त्याच खात्यात कापसाचे चुकारे, संत्र्याच्या बागेचा सौदा, कधी पीककर्जाची रक्कमही असते. चोरट्याचा डोळा त्यावर असतो.

हप्त्याची स्थिती पाहायला फाईल लागतच नाही. पीएमकिसान डॉट जीओव्ही डॉट इन या संकेतस्थळावर नाव आणि स्थिती दिसते. केवायसी तिथेच ओटीपीने होते, किंवा आपले सरकार केंद्रासारख्या सीएससी केंद्रावर अंगठा देऊन. सरकारी ॲप प्ले स्टोअरवर आहे. शंका असली तर 155261 या योजनेच्या हेल्पलाइनवर विचारा. गुगलवर कस्टमर केअरचा नंबर शोधू नका, तिथेही बनावट नंबर टाकून ठेवलेले असतात.

सौर पंपाचेही असेच आहे. पीएम कुसुमच्या नावाने बनावट संकेतस्थळे निघाल्याचे केंद्राच्या नवीन व नवीकरणीय ऊर्जा मंत्रालयाने वेळोवेळी सांगितले आहे. 'मागेल त्याला सौर कृषी पंप' योजनेत शेतकऱ्याचा हिस्सा 10 टक्के, अनुसूचित जाती-जमातींसाठी 5 टक्के. तो महावितरणच्या पोर्टलवरूनच भरायचा. कोणाच्या खासगी फोन-पे नंबरवर "आज भरा, नाहीतर नंबर जाईल" म्हटले तर समजून घ्या. आज रात्री वीज तोडू, या नंबरवर फोन करा, असे मेसेज मागे आले होते, तोही हाच प्रकार. महावितरण खासगी मोबाईल नंबरवर संपर्क करायला सांगत नाही.

फाईल उघडलीच गेली तर? आधी नेट बंद करा, जमले तर सिम काढा. मग दुसऱ्या फोनवरून 1930 लावा आणि बँकेलाही कळवा. खाते नंबर, गेलेली रक्कम, वेळ आणि व्यवहाराचा यूटीआर नंबर जवळ ठेवा. पैसे एका खात्यातून दुसऱ्यात, तिथून तिसऱ्यात फिरवले जातात आणि शेवटी एटीएममधून निघतात. निघायच्या आत तक्रार पोहोचली तर रक्कम मधल्या खात्यात गोठवता येते. निघून गेल्यावर हाती काही लागणे कठीण. लाजेपायी दोन दिवस घरात गप्प बसणारे इथेच हरतात.

बँकेत तोंडी सांगून परत येऊ नका, लेखी तक्रार देऊन पोच घ्या. रिझर्व्ह बँकेच्या 2017 च्या परिपत्रकाप्रमाणे तक्रार दिल्यानंतर खात्यातून जे पैसे जातील त्याचे नुकसान बँकेचे, म्हणून पोचवरची वेळ महत्त्वाची. पोलीस ठाणे "आमच्या हद्दीत नाही" म्हणून परत पाठवू शकत नाही, गुन्हा शून्य नंबरने कोणत्याही ठाण्यात नोंदवता येतो.

ॲप काढून टाकल्याशिवाय सिम परत घालू नका. सेटिंगमधल्या ॲपच्या यादीत ते सापडले नाही किंवा निघत नसेल तर फोन जाणकाराकडून पूर्ण रिसेट करून घ्यावा लागतो. आणि त्याआधी दुसऱ्याच्या फोनवरून ग्रुपवर कळवा, की माझ्या नंबरवरून आलेली फाईल कोणी उघडू नका.